दवाखान्याचं बिल बँकेला दिसत नाही, दिसतं ते दुसरंच

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे नांदेडला एका अनुदानित कॉलेजात क्लार्क आहेत, वय ३८, गाव परभणी जिल्ह्यातलं. मे २०२१ मध्ये वडिलांना कोरोना झाला, संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात १७ दिवस ठेवलं, वडील काही वाचले नाहीत, बिल झालं ४ लाख ८० हजार. पैसे उभे केले ते असे: कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज, क्रेडिट कार्ड, बायकोचं गंठण मोडलं, बायकोने महिला गटातून ४० हजार उचलले, मामांकडून १ लाख हातउसने. तरी ४० हजार राहिलेच, त्यापोटी दवाखान्याने सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. कार्डाचे ६२ हजार थकले होते, ते २०२२ ला ३५ हजारात मिटवले. पतसंस्थेचं कर्ज मधी एकदा नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं फेडून नवं काढलं, पगारातून महिना ५,५०० कपात अजून चालू आहे, ११ हप्ते राहिलेत. कपातीच्या आधी हातात येणारा पगार ४६ हजार. आता नांदेडला २४ लाखांचं रो-हाऊस बघितलंय, बिल्डर म्हणतो दसऱ्याच्या आत बुक करा, नंतर रेट वाढणार. जवळ साडेतीन लाख आहेत. दवाखान्यातून मधूनच फोन येतो, पैसे भरा नाहीतर सिबिलमध्ये टाकतो म्हणून. एक एजंट २५ हजारात सिबिल क्लीन करून देतो म्हणतोय. त्यांचा प्रश्न: "ताई, आधी दवाखान्याचे ४० हजार भरून मोकळा होऊ का? का लोन बायकोच्या नावावर काढू, तिचं नाव तर स्वच्छ आहे. सिबिल बघायचं पण भ्या वाटतं, बघितलं की स्कोअर पडतो म्हणतेत."

दादा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वडिलांच्या सतरा दिवसांपाशीच अडकले, आमच्या घरातही त्या मे महिन्यात एक माणूस कमी झालं, त्यामुळं तुमची ती धावपळ मला वेगळी सांगायची गरज नाही. दुसऱ्यांदा वाचलं ते बँकेच्या टेबलावरून, कारण बावीस वर्षं मी कर्ज विभागात काढली. आणि तिथून बघितलं तर एक गोष्ट लगेच दिसली की तुम्ही ज्या कर्जाला घाबरायलात ते बँकेला दिसतच नाही आणि जे बँकेला ठळक दिसतंय ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, "मिटवले" म्हणून.

आधी दवाखान्याचं. सिबिल म्हणजे काय, तर बँका आणि फायनान्स कंपन्या आपापल्या कर्जदारांची माहिती जिथं पाठवतात ते ठिकाण. अशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो ते सोडा. दवाखाना ही काही कर्ज देणारी संस्था नाही, त्याने ठरवलं तरी त्याला तुमचं बिल तिथं टाकता येत नाही. तो फोनवरचा माणूस तुम्हाला भीती घालतोय, बस. फक्त एक आठवून बघा, त्या गडबडीत काउंटरवर कुणी "हप्ते करून देतो" म्हणून तुमच्या मोबाईलवर आलेला ओटीपी घेतला होता का? तसं असेल तर ते दवाखान्याचं बिल राहिलेलं नाही, ते एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज झालंय आणि ते मात्र दिसणार. त्या दिवसांत कोण कुठं सही करायलंय याचं भान कुणाला होतं.

पण त्या कोऱ्या चेकची मला काळजी वाटते. सही केलेला चेक पाच वर्षं कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून असणं बरं नाही. उद्या कुणी त्यावर तारीख-रक्कम घालून लावला आणि तो परत गेला तर चेक न वटल्याची, कलम १३८ ची नोटीस येईल, ती केस टिकेल का नाही हा पुढचा विषय, पण खात्याच्या स्टेटमेंटमध्ये चेक रिटर्नची ओळ उमटते आणि होमलोनचा माणूस सहा महिने-वर्षभराचं स्टेटमेंट घेऊन पहिल्यांदा तसलीच ओळ शोधतो. म्हणजे दवाखान्याचं बिल बँकेच्या डोळ्यापुढं यायचं ते या एका वाटेनं.

म्हणून ४० हजार लगेच ऑनलाइन टाकून मोकळं होऊ नका. आधी लेखी अर्ज करून तपशीलवार बिल मागा, रोजच्या बेडचे किती, औषधाचे किती. कारण त्या वेळी राज्य सरकारने खासगी दवाखान्यांना कोरोनाचे दर बांधून दिले होते, साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, सीटी स्कॅन हे त्याच्या बाहेर होतं हे खरं, पण १७ दिवस अगदी व्हेंटिलेटरचे धरले तरी बेडचा हिशोब १ लाख ५३ हजारांवर जात नाही. उरलेले सव्वातीन लाख कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि माझा अनुभव असा की तपशील मागितला की ४० हजारांचे २० हजार व्हायला वेळ लागत नाही.

कायद्याचंही सांगते, कारण कुणीतरी चहाच्या टपरीवर तुम्हाला सांगणारच. पैसे वसुलीचा दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, कोरोनामुळं सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजायचा नाही असं सांगितलं, म्हणजे तुमची मुदत १ मार्च २०२२ पासून धरली तरी फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. मधल्या काळात तुम्ही थोडे भरले असतील किंवा काही लिहून दिलं असेल तर हिशोब बदलतो, तेवढं वकिलाला दाखवा. पण मुदत गेली म्हणजे देणं गेलं असं मी म्हणणार नाही, तुम्ही पण म्हणणार नाही हे पत्रावरून कळतं. त्याचा उपयोग एवढाच की घाबरून काही लिहून देऊ नका, मुदत संपल्यावर सुद्धा "एवढे देतो" असं सही करून दिलं की तो नवा करार होतो. बिल बघा, पटेल ती रक्कम ठरवा, एका हातानं पैसे आणि दुसऱ्या हातानं चेक परत आणि "काही येणे बाकी नाही" अशी शिक्क्याची पावती. चेक हरवला म्हणाले तर तेच लेटरहेडवर लिहून घ्या, चेक नंबर टाकून.

आता खरं दुखणं, कार्ड.

६२ हजाराचे ३५ हजारात मिटले याचा तुम्हाला तेव्हा आनंद झाला असेल, वसुलीवाल्याने पण पाठीवर थाप मारली असेल की साहेब आता तुम्ही फ्री. पण रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढं "सेटल्ड" असा शब्द बसतो, "क्लोज्ड" नाही. होमलोन देणाऱ्या बँकेला सेटल्ड वाचून एवढंच कळतं की या माणसाने आमच्यासारख्याच एकाचे २७ हजार सोडायला लावले. माझ्या टेबलावर अशा फाईली कितीतरी आल्या, पगार चांगला, कागद चांगले आणि एका जुन्या कार्डाचं सेटल्ड. वरचा साहेब ती ओळ पेनानं गोल करून फाईल परत पाठवायचा. एकाचं तर अवघं ४ हजाराचं होतं, चार हजारासाठी घर अडलं त्याचं, मला अजून त्याचा चेहरा आठवतो. आणि गंमत अशी की ती ओळ आपोआप लवकर जात पण नाही, ही माहिती सात वर्षं तरी ठेवतात.

तर साडेतीन लाखातले पहिले पैसे तिथं जाऊ द्या. कार्डाच्या बँकेला ईमेल करा, साध्या मराठीत-इंग्रजीत जसं जमेल तसं, की २०२२ ला सेटलमेंट झाली होती, आता राहिलेली रक्कम भरून खातं पूर्ण बंद करायचंय, किती भरायचे ते कळवा. ते आधी व्याज-दंड लावून मोठा आकडा सांगतील, तेव्हा जुनं सेटलमेंट लेटर पुढं करा आणि सोडलेल्या २७ हजारांवरच बोला, ऐकतात बऱ्याचदा. पैसे भरायच्या आधी त्यांच्याकडून लेखी घ्या की हे भरल्यावर स्टेटस क्लोज्ड करू आणि नो ड्यूज देऊ. वसुलीवाल्या पोराच्या फोन-पेवर एक रुपया पण टाकायचा नाही, फक्त बँकेच्या खात्यावर. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरा दिवसाला माहिती पाठवायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम झालाय, त्यामुळं महिन्या-दीड महिन्यात बदल दिसायला पाहिजे. नाही दिसला तर सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाका, तक्रार ३० दिवसात सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असाही नियम आहे, ते वाक्य तक्रारीत घातलं की फाईल जरा पळते. स्कोअर मात्र लगेच उडी मारणार नाही, सहा-आठ महिने धीर धरावा लागतो.

आणि हे सगळं कळायला रिपोर्ट तर बघावा लागेल ना. बघितल्यानं स्कोअर पडतो हे अर्धवट ऐकलेलं आहे. तुम्ही स्वतः बघितलं तर काही होत नाही, दिवसातून तीनदा बघा. पडतो तो कशानं, तर तुम्ही या बँकेत त्या बँकेत अर्ज टाकत सुटता आणि प्रत्येक जण तुमचा रिपोर्ट काढतो त्यानं. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, अॅपच्या जाहिरातीवरून नको, तिथं रिपोर्ट कमी आणि लोनचे फोन जास्त येतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असला की बँक हसून बोलते आणि व्याजदर पण त्यावरच ठरतो. पण नुसता आकडा बघून बंद करू नका, आत एकेका खात्याचा महिन्या-महिन्याचा तक्ता असतो, किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं, ते वाचा. शिवाय कुणाला जामीन राहिला असाल तर ते पण त्यात निघतं. आपल्याकडं जामीन म्हणजे चहा पाजून घेतलेली सही, अन् ते कर्ज थकलं की तुमचं नाव खराब.

एजंटला नमस्कार करा आणि २५ हजार वाचवा. खरी असलेली नोंद कुणालाच पुसता येत नाही, चुकीची असेल तर ती तुम्ही फुकटात दुरुस्त करू शकता. तो काय करतो, तर तुमच्या नावानं ढीगभर डिस्प्यूट टाकतो आणि तुमचं आधार, पॅन, ओटीपी त्याच्याकडं राहतं.

आता वहिनींचं. "तिचं नाव स्वच्छ आहे" असं तुम्ही लिहिलंय आणि त्याच पत्रात गटातून ४० हजार उचलल्याचंही लिहिलंय. तो गट कसला होता? सरकारच्या उमेद अभियानातला, बँकेला जोडलेला बचत गट, का दर आठवड्याला मॅडम येऊन एखादीच्या अंगणात बायका गोळा करून हप्ता घेऊन जायच्या तो? दुसरा असेल तर ती मायक्रोफायनान्स कंपनी आहे आणि ते कर्ज वहिनींच्या नावावर वेगळं नोंदलेलं असतं, विशेषतः क्रिफ हाय मार्कमध्ये. लॉकडाऊनमध्ये मॅडम आल्याच नाहीत, नंतर दोन हप्ते एकदम दिले, कुणाचा हप्ता गटातल्या दुसरीनं भरला, असं सगळं झालेलं असतं आणि कागदावर ते उशीर म्हणून उतरतं. मी असं म्हणत नाही की वहिनींचं झालंच असेल, पण तिचं नाव स्वच्छ आहे हे तुम्ही न बघता ठरवलंय जसं तुमचं खराब आहे हे न बघता ठरवलंय. दोघांचे रिपोर्ट काढा, तिचा क्रिफचा नक्की.

आणि लोन एकटीच्या नावावर होणार नाहीच, वहिनींच्या शिलाईच्या कमाईचा कागद नाही असंही पत्रात म्हणता, मग पगार तुमचाच धरणार आणि तुम्हाला सहकर्जदार करणार, दोघांचंही सिबिल बघणार. घर मात्र तिच्या एकटीच्या नावावर घेण्यात फायदा आहे, महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावानं घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, २४ लाखावर २४ हजार. लोन लपवायला तिचं नाव वापरू नका, घर द्यायला वापरा. गंठणाची भरपाई म्हणा हवं तर.

हिशोब करू. समजा साडेआठ टक्क्यानं वीस वर्षं, तर लाखाला महिना साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. बँक बघते की सगळे हप्ते मिळून पगाराच्या चाळीस टक्क्याच्या आत बसतात का, काही बँका पन्नासपर्यंत जातात. चाळीसनं तुम्हाला १८,४०० बसतात, त्यातून पतसंस्थेचे ५,५०० गेले, राहिले १२,९००, म्हणजे लोन मिळणार पंधरा लाखाच्या जरा आत. पतसंस्था सिबिलला कळवत असो नसो, कपात पगारपत्रकावर छापलेली आहे, लपायला जागाच नाही. तेच अकरा हप्ते संपू द्या, पूर्ण १८,४०० मोकळे झाले की लोन २१ लाखाच्या वर जातं. दवाखान्याचं ४० हजाराचं बिल भरून जे झालं नसतं ते गप बसून ११ महिने कपात होऊ दिल्यानं होतं. फक्त आता परत नवं-जुनं करू नका, सेक्रेटरी विचारेल, साहेब टॉप-अप देऊ का, नको म्हणा.

दुसरी बाजू हातातल्या पैशाची. ३० लाखापर्यंतच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यापर्यंतच देऊ शकते. म्हणजे २ लाख ४० हजार तुमचे, वर स्टॅम्प ड्युटी-नोंदणीचे दीड लाखाच्या आसपास, झाले ३ लाख ९०. तुमच्याकडं साडेतीन आहेत आणि अजून कार्ड, दवाखाना, मामा बाकी. दादा, या दसऱ्याला हे घर तुमच्या खिशात बसत नाही. मग बुकिंगनंतर माणूस काय करतो, एक छोटं पर्सनल लोन काढतो, खासगीत तीन रुपये शेकड्यानं उचलतो, परत तेच चक्र, फक्त या वेळी दवाखान्याऐवजी घरासाठी. माझ्या मते दीड वर्ष थांबा, पुढचा नाही त्याच्या पुढचा पाडवा धरा. बिल्डर दरवर्षी दसऱ्याच्या आत म्हणतो. त्याला बिगरशेतीची एनए ऑर्डर, मंजूर लेआउट आणि प्रकल्प नोंदणीचा महारेरा नंबर मागा, नांदेडच्या कडेला गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरी न घेता तुकडे पाडलेले प्लॉट भरपूर आहेत आणि तसल्या कागदावर बँक लवकर हात लावत नाही. टोकन दिलं असेल तर लोन नामंजूर झाल्यास परत करू असं लिहून घ्या, दिलं नसेल तर देऊच नका.

थांबण्याच्या काळात प्रधानमंत्री आवास शहरी २.० चं पण बघून ठेवा, १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालंय. कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखाच्या आत, घर ३५ लाखापर्यंत, लोन २५ लाखापर्यंत, तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार व्याज सवलत, पाच हप्त्यात. अट अशी की देशात कुठंच पक्कं घर नावावर नको, गावाकडच्या घराला वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का ते ग्रामपंचायतीतून घराच्या नोंदीचा नमुना ८ काढून तपासा. आणि आईचं वय झालंय तर घरातल्या सगळ्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार आहेत, योजनेतल्या दवाखान्यात. १८ हजाराचा हप्ता चालू असताना घरात कुणी आजारी पडलं तर परत पतसंस्थेच्या दारात नको.

शेवटी मामा. पत्रात त्यांच्याबद्दल एवढंच आहे, "मामा मागत नाहीत." ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत, बँक विचारणार नाही, म्हणून तुम्ही त्यांना सगळ्यात शेवटी ठेवलंय. मी त्यांना कार्डानंतर लगेच ठेवीन, दवाखान्याच्या आधी. मामांनी ते लाख रुपये कुठून आणले हे तुम्हाला माहीत असेल, सोयाबीन ठेवणीतलं विकून का आडत्याकडून उचल घेऊन. आडत्याची असेल तर ते आजतागायत त्याच आडतीला बांधलेत, भाव दुसरीकडं जास्त असला तरी माल तिथंच घालायलेत. वास्तुशांतीची पत्रिका घेऊन तुम्ही त्यांच्या दारात जाल तेव्हा मामा काही बोलणार नाहीत, मामी पण चहा करतील, पण मांडवात बसलेली चार माणसं बोलतील की घर घ्यायला पैसे हायेत. एकदम जमत नसेल तर आत्ता ५० द्या आणि बाकीच्याची तारीख सांगा. रोख पाकीट नेऊ नका, ते परत खिशात कोंबतील तुमच्या. त्यांच्या खात्यावर टाका, मग पोरांना घेऊन गावी जा आणि मामांचं पासबुक बँकेत नेऊन भरून आणा, मामींच्या हातात द्या.